हाकेचं बटण

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या. ही मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही. एवढीशी आहे, एका हाकेची.

रुग्णालयातल्या खाटेच्या कडेला बाइंडर बसला होता. जन्मभर लोकांची पुस्तकं शिवली, आता मांडीवर स्वतःचं पुस्तक होतं: मोबाइलचं अ‍ॅप बनवायला शिकवणारं. तो ठोकळा हातात धरवेना, म्हणून त्यानं तो उसवला होता आणि धड्याधड्यांच्या पातळ पुस्तिका करून पुन्हा शिवला होता. एक पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. पुढची पुस्तिका घरी दाबाखाली वाळत होती. तिच्यापर्यंत तो पोचायच्या आतच डॉक्टरांनी बायकोच्या शस्त्रक्रियेची तारीख अलीकडे आणली.

खाटेवर ती होती. सकाळी तिच्या घशातली गाठ काढायची होती, आणि गाठीबरोबर आवाजही जाणार होता.

"झालं का तुमचं?" तिनं विचारलं. घसा बसलेला, पण धार तीच.

"एक महिरपी कंस उघडा राहिला होता. लावला."

"घराचं दार कधी लावलं नाहीत, आणि कंस लावायला शिकलात!"

त्यानं जुन्या लॅपटॉपची वायर काढली आणि फोन तिच्या हातात दिला. पडद्यावर मोठाली निळी बटणं होती. पाणी. दुखतंय. उशी. नको. "धरून ठेवून बोल. नंतर नुसतं दाबलंस की तुझाच आवाज येईल."

"साधं रेकॉर्डिंग केलं असतं तर?"

"मग त्या ढिगातून 'पाणी' शोधत बसशील. तोवर तहान मरून जाईल."

ती एकेक बटण धरून बोलत गेली. 'नको' तर इतकी वैतागून म्हणाली, की दोघांनाही हसू आवरेना. शेवटचं बटण कोरं होतं.

"इथे काय?"

"तुम्ही भिंतीकडे तोंड करा बघू."

तो वळला. पाठीमागून हाक आली, "अहोऽ!" तो कामात बुडालेला असला, दातांत दोरा धरलेला असला, की आतल्या दारातून रोज यायची तीच. सुरुवात आखूड, शेवट लांबवलेला, वर राग आणि रागाखाली ऊब.

"आलो!" त्याच्या तोंडून निघून गेलं.

मग तो पुन्हा भिंतीकडे वळला, तिनं बटण दाबलं, फोननं हाक मारली आणि हा पुन्हा म्हणाला, "आलो!" पोरांचा खेळ मांडल्यासारखं किती वेळ चाललं होतं. शेवटी सिस्टर येऊन रागावल्या.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. ती शुद्धीवर आली तेव्हा गळ्याला पट्ट्या होत्या आणि श्वासासाठी नळी होती. बाइंडरनं फोन तिच्या हातात ठेवला.

"बॅटरी संपत आली होती काका, म्हणून मी बंद करून चार्जिंगला लावला होता," सिस्टर म्हणाल्या. बिचारीनं भल्यासाठीच केलं होतं.

बटणं जिथल्या तिथे होती. तिनं 'पाणी' दाबलं. काहीच नाही. त्यानं आवाज वाढवला. 'दुखतंय'. काहीच नाही. त्यानं फोन घेतला आणि एकेक बटण दाबत शेवटच्या बटणापर्यंत गेला, तिथून पुन्हा पहिल्यावर आला.

घरी जाऊन त्यानं दाबाखालची पुस्तिका ओढून काढली आणि उभ्या उभ्या पहिलं पान उघडलं. 'आतापर्यंत आपण जे साठवलं, ते अ‍ॅप चालू असेपर्यंतच टिकतं. फोन बंद झाला की पुसलं जातं. ते कायमचं कसं जपायचं, हे या धड्यात पाहू.'

अखंड पुस्तक असतं, तर पानं चाळताना ही ओळ केव्हातरी डोळ्यांखालून गेली असती. उसवलं त्यानंच होतं.

त्यानं तो धडा तिथेच बसून पुरा केला. मग रुग्णालयात परतला आणि सगळी बटणं स्वतःच्या आवाजात भरली. फोन बंद करून पाहिला, पुन्हा चालू केला. टिकलं. तिनं 'दुखतंय' दाबलं, आणि नवऱ्याचा जाडाभरडा आवाज म्हणाला, "दुखतंय."

शेवटचं बटण राहिलं. त्यानं ते धरलं, फोन ओठांशी नेला, तोंड उघडलं. मग फोन खाली घेतला.

"यात मी काय बोलू गं?"

तिनं हळूच फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

आता ती घरी आहे. बाइंडरनं कामाचं टेबल फिरवून तिच्या खाटेसमोर मांडलंय, म्हणजे मान वर केली की ती दिसावी. पण शिवणाऱ्याची नजर सुईवर लागते. आत्ताही त्याची मान खाली आहे, दातांत दोरा आहे. समोर तिचं बोट त्या शेवटच्या, कोऱ्याच राहिलेल्या बटणावर आहे. दाबलेलं. केव्हाचं.

चला, उठा आता, आपापल्या घरी जा. आतून कुणी हाक मारली तर लगेच ओ द्या. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या बाईची आठवण असू द्या. ती अजून हाक मारते आहे.