धाकट्याचा घास

मिरजेच्या दवाखान्यातून परतलेले मार्तंडराव जेवायला बसले तेव्हा चांगलेच खुशीत होते.

"अहो, मग औषध सुरू करायचं ना?" वेणूताईंनी विचारलं.

"नाही. माझं धाकटं लिव्हर काल गेलं."

हिपॅटायटिसवरचं नवं औषध आधी त्या धाकट्याला दिलं होतं. मार्तंडरावांच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेलं ते वाटाण्याएवढं यकृत. पहिल्याच आठवड्यात त्यातला विषाणू नाहीसा झाला, तेव्हा मलाही द्या म्हणून मार्तंडरावांनी डॉक्टरीणबाईंच्या मागे भुणभुण लावली होती. बाई बधल्या नाहीत, म्हणून बरं. औषधाच्याच विषाने धाकटं काळंठिक्कर पडलं होतं.

"आता दुसऱ्या औषधासाठी दुसरं वाढवतायत," मार्तंडराव म्हणाले. "तोवर पथ्य."

वेणूताईंनी त्यांना बिनतेलाची दुधीची भाजी वाढली आणि स्वतःच्या ताटात वांग्याचं कालवण घेतलं. मार्तंडरावांनी गेलेल्याच्या नावाने एक घास ताटाबाहेर काढून ठेवला, हात जोडले आणि भाकरी मोडता मोडता थांबले.

"हा घास उचल गं," ते म्हणाले. "तुझ्या ताटातलं वांगं ठेव इथं, चांगलं तर्रीसकट. त्याला आता कसलं पथ्य?"