सेव्हिलची रीत

बॅग खाली ठेवून शलाका वडिलांच्या पाया पडायला निघाली, पण सहा महिन्यांत अंगात मुरलेली सवय आधी धावली. तिनं त्यांच्या गालाला गाल लावला.

मिरज स्टेशनवर चहा पिणारी माणसं बघत राहिली. अण्णा खांबासारखे ताठ झाले. स्पॅनिश शिकायला ती कॉलेजतर्फे सेव्हिलला गेली, तेव्हापासून त्यांनी अबोला धरला होता. तिचा फोन आला, की ते उठून अंगणात जायचे.

“अगं बाई, स्टेशन आहे हे!” आई कुजबुजली.

शलाकानं मान खाली घातली. “चुकलं, अण्णा. तिकडं भेटल्यावर असंच करतात.”

“माहितीय. आईला सांगत होतीस, तेव्हा खिडकीखालीच उभा होतो मी.” अण्णांनी घसा खाकरला. “पण तिकडं दोन्ही गालांना लावतात ना? मग एकावरच का थांबलीस?”