नवरदेवाचं पायताण

"पावणं, पाय दाबून टेका. अंग चोरू नका," पिराजी म्हणाला आणि नृसिंहाच्या पावलाभोवती चामड्यावर खडू फिरवू लागला.

नृसिंहाला गुदगुल्या होत होत्या, पण त्या खडूच्या नव्हत्या. समोर आपल्या वडलांच्या, अण्णांच्या, सोप्यात खांबाला टेकून सरोजिनी उभी होती आणि त्याच्या पावलाकडं टक लावून बघत होती. बी.ए.च्या वर्गात तिनं फळ्याकडंही कधी इतकं मन लावून पाहिलं नव्हतं.

"मी पुस्तक परत द्यायला आलो होतो," तो कसाबसा म्हणाला.

"ठेवा तिथं. आता डावा पाय," सरोजिनी म्हणाली.

"पण हे कुणासाठी?"

उत्तर पिराजीनंच दिलं. "कुणासाठी म्हंजे? नवरदेवासाठी! ह्या घरची रीतच हाय की. जावयाचं पायताण पोरीकडनं, त्येबी साखरपुड्याला पाटावर बसायच्या आदी पायात घालायचं. थोरल्या ताईंच्या टायमालाबी म्याच केलतं."

"पिराजी!" सरोजिनी लाल झाली. "तुम्हाला जरा गप्प बसवत नाही का?"

नृसिंहानं तिथंच उडी मारली असती. एक पाय पिराजीच्या हातात होता म्हणून राहिली.

निघताना ती उंबऱ्यापर्यंत आली. "हे बघा, त्र्यंबकरावांना यातलं अवाक्षर कळवायचं नाही. माझी शपथ आहे."

बिचारा त्र्यंबक! नृसिंहाला एकदम भरून आलं. कोडोलीहून शिकायला आलेला त्र्यंबक चार वर्षं त्याच्याच घरी राहिला होता. एक खोली, एक कंदील आणि दोघांत मिळून चांगलं म्हणावं असं एकच पायताण. करकर वाजणारं, लाल गोंड्याचं. ज्याला बाहेर मिरवायचं असेल त्यानं ते घालायचं. कॉलेजच्या जिन्यात करकर ऐकू आली की सरोजिनी वर न बघताच विचारायची, "आज कुणाची पाळी?"

आणि दोघेही एकाच वर्षी तिच्या प्रेमात पडले. भांडले मात्र नाहीत. ती ज्याला हो म्हणेल त्याच्या लग्नात दुसऱ्यानं तोंड वाकडं न करता लाडू खायचे, असं ठरलं. निकाल लागला, त्र्यंबकला बेळगावला नोकरी लागली, तो गेला. पायताण आणि मैदान दोन्ही नृसिंहाकडं राहिलं. सरोजिनी भेटली की आधी त्र्यंबकची खुशाली विचारायची. मनानं फार हळवी पोर, असं नृसिंहाला वाटायचं.

त्या दिवशी महाद्वार रोडवरून त्यानं सायकल अशी हाणली की एक म्हैस बुजली आणि गवळ्यानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याच्या कानापर्यंत ते पोचलंच नाही.

"आई, सरोजिनी!" तो दारातूनच ओरडला.

सगळं ऐकून आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "अरे, पण पत्रिका? बैठक? कुणी आपल्याला विचारलं तरी का?"

"जमाना बदलला, आई."

आईला ते पटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी खुद्द अण्णाच दारात उभे राहिले. माणूस नेहमीचाच घाईचा. चहालासुद्धा टेकले नाहीत.

"वहिनी, रविवारी सकाळी सरोजचा साखरपुडा. नृसिंहाला घेऊन लवकर या. तुमच्याशिवाय आमचं पान हलायचं नाही!"

मग काय राहिलं? आईनं ट्रंकेतला शालू काढला, सुनेसाठी हिरवा खण आणला आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत एकही घर सांगायचं ठेवलं नाही. नृसिंहाला झोप येईना. आनंद तर मावत नव्हता, पण त्र्यंबकला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं मधूनच तो उठून बसायचा.

रविवारी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि जुनं करकरतं पायताण शेजारच्या ज्ञानूला देऊन टाकलं.

"अरे, अनवाणी येणार?" आई म्हणाली.

"जाताना अनवाणी. येताना बघ!"

अण्णांचा सोपा माणसांनी भरला होता. मधोमध पाट, भोवती रांगोळी आणि पाटाशेजारी नवं कोरं पायताण. दारात पिराजी बसला होता. "माप चुकलं तर पायताण करायचं सोडून दीन," तो येईल त्याला सांगत होता.

"आला का! घरचं माणूस आलं, आता काळजी नाही," अण्णांनी नृसिंहाचा हात धरून त्याला आत आणलं. आई खणाचं ताट घेऊन बायकांत जाऊन बसली. नृसिंहानं धूळ भरलेले पाय नीट धुतले, पुसले आणि तो पाटाकडं वळला.

तेवढ्यात बाहेर टांगा थांबला. त्र्यंबकचे वडील उतरले आणि त्यांच्या मागून त्र्यंबक.

नृसिंह पाटापाशीच थबकला. आला! कुणीतरी कळवलंच त्याला. आणि तरीही वडलांना घेऊन आला. असा मित्र कुठं मिळायचा? तो धावत गेला आणि त्यानं त्र्यंबकला घट्ट मिठी मारली.

"त्र्यंबक, रागावला नाहीस ना माझ्यावर?"

त्र्यंबकचे डोळे भरून आले होते. "मी तेच तुला विचारणार होतो रे," तो म्हणाला.

अण्णा घाईघाईनं पुढं झाले. त्यांनी त्र्यंबकला हाताला धरून पाटापाशी नेलं. पिराजीनं दारातून मान उंच केली. त्र्यंबकनं आधी उजवा पाय घातला, मग डावा, आणि एक पाऊल टाकलं. करकर वाजली.

आतल्या दारातून सरोजिनी हसतच नृसिंहाजवळ आली. "बसलं की नाही बरोब्बर? मी अण्णांना म्हणालेच होते, तुम्हा दोघांचं माप एकच!"