नळीवरचे ठोके

कितवे शहराजवळच्या तांब्याच्या खाणीत ड्रिल चालवून माझे कान गेले. आज दवाखान्यातल्या नर्स नामुकोलोनं तिसरं कानाचं मशीन लावून पाहिलं.

“हेही भिकारच!” मी ओरडलो. “तेच ठोके वाजतायत!”

“आजोबा, इथं कुणीच ठोकत नाहीये. किती चिडता! एक कुठलं तरी निवडा ना.”

खाणीत दरड कोसळली की आत अडकलेला माणूस हवेच्या नळीवर ठोकतो. प्रत्येकाची लय वेगळी. आमच्या बोगद्यात दरड कोसळली त्या दिवशी मी नळीवर हात ठेवला तर ठोके माझ्या तळहाताला लागत होते. “बहिऱ्याला काय कळतंय!” म्हणत हरामखोर साहेबांनी बोगदा बुजवला. माझे जोडीदार मुसोंडा आणि कापेम्ब्वा आतच राहिले.

आता मी नीट कान दिला. लय मुसोंडाची नव्हती. कापेम्ब्वाचीही नव्हती.

माझी होती. मीही आतच राहिलो होतो.