राजलची घंटा

लाडकी सांडणी राजल गेल्याचं सांगायला जसूबेन तांड्यावरून थेट आमच्या प्रयोगशाळेत आल्या. ओढणीच्या टोकाला राजलची घंटा बांधलेली होती. त्यांच्या तांड्यात पुढे चालणारी सांडणी गेली, की तिची घंटा मागचीच्या गळ्यात बांधतात. जसूबेनचं मन धजत नव्हतं.

मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. गेल्या वर्षी राजलच्या रक्तात आम्हाला विंचवाचं विष अडवणारं, उंटांच्याच कुळात आढळणारं एक इवलंसं प्रतिपिंड सापडलं होतं. त्याची रचना आम्ही जगभरच्या संशोधकांच्या डेटाबेसमध्ये ठेवली होती. पडद्यावर अक्षरांची लांबच लांब रांग उमटली. वाळूतले माग काढावेत तसं जसूबेन तिच्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"हे बघून मोरोक्कोत कुणीतरी तेच प्रतिपिंड बनवतंय," मी म्हटलं. "तिकडेही वाळू आहे. विंचूही आहेत."

"म्हणजे चालतेय अजून," त्या स्वतःशीच बोलल्या. "मग घंटेशिवाय कशी चालेल, बेन?"

राजलचं प्रतिपिंड ठेवलेल्या फ्रिजच्या हँडलला त्यांनी घंटा बांधली.

आता कुणी तो फ्रिज उघडला, की घंटा वाजते. आणि मी नकळत बाजूला होऊन वाट देते.