पहिलं ताट

आवळीभोजनाला पहिलं ताट नेहमी गाडीत जायचं. आवळ्याचं झाड सार्वजनिक बागेत पार आत, वाटेवर पायऱ्या आणि दगड. शर्मिष्ठाची व्हीलचेअर फाटकापुढे कधी गेलीच नव्हती. सगळं घर झाडाखाली जेवायचं आणि ती गाडीत, काच खाली करून.

यंदाही तिच्या आईनं, पद्मिनीबाईंनी, पहिलं ताट वाढलं. बाबारावांनी ते उचललं, वाटी सांभाळत फाटकाबाहेर आले आणि कोपरानं गाडीचं दार ओढलं. आत कुणीच नव्हतं.

नुकताच ड्युटीवर आलेला चौकीदार दरवर्षी हे ताट बघायचा. तो जवळ आला. "बाबूजी, दीदी इस साल..." पुढचं विचारायचा त्याला धीर झाला नाही.

बाबाराव वाकून मागच्या सीटवर बघू लागले.

"बाबा! माह्यं ताट घेऊन कुठी चालले?"

दोघांनी वळून पाहिलं. बागेत पायऱ्यांशेजारी बांधलेल्या नव्या उतारावरून शर्मिष्ठा स्वतःच चाकं फिरवत येत होती. "मी तिकडे झाडाखाली भुकेनं मरून राहिली, अन् तुम्ही गाडीले जेवण देऊन राहिले?"

बाबाराव हसता हसता ताट सावरू लागले. सकाळी तिच्याच मागून ते झाडापर्यंत गेले होते. डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं, फक्त पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

"दीदी, आप अंदर थीं?" चौकीदार बघतच राहिला.

"सबसे पहले वही पहुँची," बाबाराव छाती काढून म्हणाले. "इस ढलान के लिए सालभर बगीचे के दफ्तर में लड़ी है. हम लोग तो आज उसके रास्ते से गए."