अरुंधती दिसेल अशी दुर्बीण

“आधी सांगा, बघायचं काय हाय?” भगवानरावांनी विचारलं.

परळीतल्या त्यांच्या गच्चीवर भर दुपारी दोन दुर्बिणी उभ्या होत्या. एक आखूड, जाड नळीची. तिच्या बैठकीला मोटर, मागं कॅमेरा लावायची सोय. दुसरी लांब, सडपातळ, साध्या तिपाईवरची. दोन्ही विकायच्या होत्या. भगवानराव तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. जिन्याच्या भिंतीवर त्यांनी काढलेले चंद्राचे, गुरूचे, मृगातल्या तेजोमेघाचे फोटो होते. शेवटचा चार वर्षांपूर्वीचा. दुर्बिणी कावून विकता, असं कुणी विचारलं की उत्तर तयार असायचं, “आभाळच खराब झालं. थर्मलची राख आन् गावाचे दिवे. काय बघावं माणसानं?” महिनाभरात पाच गिऱ्हाइकं आली आणि हात हलवत परत गेली. दुर्बीण द्यायची की नाही, हे सर तोंडी परीक्षा घेऊन ठरवत. पैशाचं बोलणं त्यानंतर.

आज परीक्षेला संगीता उभी होती. नांदूरघाटाकडच्या एका मेंढपाळाच्या घरातली सून. पहाटेच्या एसटीनं एकटीच आलेली. तिला शनीची कडी नको होती, चंद्रावरचे खड्डेही नको होते.

“सर, अरुंधती दिसंल का हेच्यातून?”

सरांचा चेहरा पडला. “अहो ताई, अरुंधतीला दुर्बीण कशाला? सप्तर्षीत वसिष्ठाच्या अंगाला चिकटून असती. लग्नात नवरा-नवरीला नुसत्या डोळ्यानं दाखवत्यात.”

“ठावं हाय. तरी सांगा.”

हिला नापास करायचं, हे भगवानरावांनी तिथंच ठरवून टाकलं. पण इतक्या लांबून आलेल्या बाईला तसंच कसं परत पाठवायचं? त्यांनी लांबडी दुर्बीण वैजनाथाच्या कळसाकडे वळवली. नळीवर एका जागी दोरा बांधलेला होता. तो अंगठ्यानं चाचपून चाक फिरवून नळी तिथवर सरकवली आणि स्वतः डोळा न लावताच ते बाजूला झाले. संगीताला त्यांच्या हाताचं कौतुक वाटलं.

“झेंडा कुणीकडं फडकतोय?”

“डावीकडं.”

“म्हंजे उजवीकडं. हिच्यात डावं-उजवं उलटं दिसतं. आता ही आखूड बघा. काच लई भारी. ताऱ्याभोवती जांभळा रंग फुटत न्हाई. फोटो काढायला हीच. पण बैठक जड हाय.”

संगीतानं बघितलं नाही. तिनं आधी उचलून पाहिलं. आखूड दुर्बीण बैठकीसकट जेमतेम वीतभर उचलून तिनं खाली ठेवली. लांबडी मात्र अलगद खांद्यावर घेतली. मेंढरांचा तळ दोन-चार दिवसांनी हलतो. जे घोड्यावर लादता येत नाही ते त्यांच्या घरात कुणी विकत घेत नाही.

“हीच द्या. घोड्यावर बसंल.”

“ताई, ही दुर्बीण हाय, हंडा न्हाई,” सर वैतागले. “आन् अरुंधतीच कावून?”

संगीतानं दुर्बीण खाली ठेवली. पदर सारखा केला.

“आमच्या आत्याबाईसाठी. सासू माझी, ताराबाई. ज्याला अरुंधती दिसंना त्यो सहा म्हैन्यांत जातो, असं म्हणत्यात आमच्याकडं.”

माघात नणंदेच्या मुलीचं लग्न झालं. रात्री जेवणं उरकल्यावर भटजींनी उत्तरेला बोट दाखवलं. सगळा मांडव ‘दिसली, दिसली’ म्हणाला. ताराबाई गप्प राहिली. तेव्हापासून दर पुनवेला ती पदराला एक गाठ मारते. तीन गाठी झाल्या होत्या. आपल्या वाट्याची मेंढरं तिनं लेकींना देऊन टाकली. नवं लुगडं घडी करून वेगळं ठेवलं. अर्ध्या भाकरीवर आली. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, अर्ध्या तासाचं काम. ती म्हणाली, तीन म्हैन्यांसाठी डोळं कशाला करायचं?

“दिसंना म्हणून मराया बसल्यात सर त्या. एकदा दिसली की ऑपरेशनला व्हय म्हणत्याल. मला आय न्हाई. त्याच हायेत. मला त्येंन्ला जाऊ द्यायचं न्हाई.”

सरांच्या पत्नी कौशल्याबाई चहा घेऊन वर आल्या. संगीताचा कप त्यांनी कठड्यावर ठेवला. नवऱ्याचा मात्र त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं कपाच्या कानाला नीट बसेपर्यंत सोडला नाही.

भगवानरावांनी कप तोंडाला लावलाच नाही. चहावर साय आली.

“आन् त्या म्हणल्या, यंत्रातून तर कुणालाबी दिसंल, डोळ्यानं दिसाया पायजे, तर?”

संगीतानं कप बाजूला सारला. हा प्रश्न तिला एसटीतही पडला होता. तिनं तो मनात टिकू दिला नव्हता. आता डोळे भरून आले.

“मंग काय करू मी? तुमीच सांगा.”

सरांनी कप खाली ठेवायला हात पुढं केला. कठडा वीतभर लांब राहिला. कौशल्याबाईंनी कप वरच्या वर धरला आणि काहीच झालं नाही अशा उभ्या राहिल्या. अशा उभ्या राहायची त्यांना सवय झाली होती.

“नांदूरघाटाची गाडी किती वाजता हाय?” भगवानरावांनी विचारलं.

“चारला.”

“चला मग.” त्यांनी चाचपडत जिन्याचा कठडा धरला. आणि जे आजवर बायकोजवळही कधी बोलले नव्हते ते बाहेरच्या माणसासमोर, मोठ्यानं, वर्गात बोलावं तसं बोलले.

“दुर्बीण राहू द्या. मलाच न्या त्यांच्यापुढं. चार वर्षं झाली, मला अरुंधती दिसली न्हाई.”